वाट दाखवणारे, वाट पाहणारे

वाट दाखवणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत 'वाटाड्या' असा एक रांगडा, भरदार शब्द आहे. तो कानावर पडला की खांद्यावर घोंगडे नि हातात काठी घेतलेला, रानाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. तो पुढे चालतो नि आपण मागून. फारसे बोलत नाही. बोललाच तर 'जपून, पाय घसरंल' एवढेच. मध्यंतरी दोन महिने मी अशाच एका वाटाड्याच्या शोधात होतो. फरक एवढाच, की मला हवा असलेला वाटाड्या मोटारसायकलच्या हॅंडलवर मावायला हवा होता, पावसात भिजून त्याने आजारी पडता कामा नये होते, आणि पासष्टी गाठलेल्या माझ्या डोळ्यांना तो चष्मा न बदलता दिसायला हवा होता.

'सांगलीहून साताऱ्याला जायला वाटाड्या कशाला?' असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. साताऱ्याला माझी थोरली बहीण, आक्का, राहते. तिच्याकडे गेली तीस वर्षे मी महिन्यातून एकदा तरी मोटारसायकलवरून जातो. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, तिथून महामार्गाने कराड, उंब्रज आणि सातारा हा रस्ता मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगता येईल. पण काही वर्षांपूर्वी महामार्ग रुंद करण्याचे काम सुरू झाले आणि माझी त्याच्याशी असलेली जुनी मैत्री तुटली. आज इथून वळवलेला रस्ता उद्या तिथून वळवलेला. मागे अजस्र ट्रक आणि पुढे धुळीचा लोट. त्यात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला म्हणजे उसाने शिगोशिग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आष्ट्याच्या रस्त्यावर अंधारात केव्हा पुढ्यात येतील याचा नेम नसतो. तेव्हा मी आडवाट धरली. तासगाव, विटा, पुसेसावळी, औंध, रहिमतपूर. विटा मागे पडले की ऊस विरळ होतो, खटावचा उघडाबोडका माळ सुरू होतो, आणि औंधच्या यमाईचा डोंगर दुरून दिसू लागला की उगाचच बरे वाटते. या वाटेला फाटे मात्र फार. प्रत्येक फाट्यावर पाटी असतेच असे नाही, आणि असली तर ती एखाद्या वाढदिवसाच्या शुभेच्छाफलकामागे दडलेली असते.

पूर्वी अशा वेळी माणसे उपयोगी पडत. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारावे, 'बाबा, औंधला कुठनं जायचं?' तो आधी तुम्हाला आपादमस्तक न्याहाळणार. मग 'कुठलं गाव?' 'कुणाकडं जायाचं?' अशी उलटतपासणी. आणि शेवटी निकाल : 'सरळ जावा. म्होरं वड लागंल. तिथनं उजव्या अंगाला वळा. हितंच हाय, हाकेच्या अंतरावर.' ही हाक कधी दोन किलोमीटरांची असे, कधी बाराची. पण त्या सांगण्यात एक ऊब असे. हल्ली पारावर म्हातारे कमी आणि तरुण जास्त. मी विचारले की ते हातातल्या फोनवरून मान वर न करता सांगतात, 'म्याप लावा की, काका.' वाटाड्यांनीच असा सामुदायिक राजीनामा दिल्यावर मी तरी काय करणार? मी यंत्रांच्या मागे लागलो.

माझे एक स्नेही मोटारसायकलवरून लडाखला जाऊन आलेले आहेत, आणि तेव्हापासून ते कोणत्याही विषयावर अधिकारवाणीने बोलतात. त्यांनी खास मोटारसायकलस्वारांसाठी बनवलेल्या 'गार्मिन झूमो'ची शिफारस केली. यंत्र खरोखरच गुणी. पाण्याची पर्वा नाही, गाडीच्या थरथरीची नाही. हातमोजा घातलेल्या बोटालाही ते ओळख देते. भर उन्हात पडदा वाचता येतो आणि नकाशे त्याच्या पोटातच साठवलेले असल्यामुळे फोनची रेंज गेली तरी त्याचे काही अडत नाही. पण किंमत ऐकली आणि मनात आले, एवढ्या पैशांत एखादी जुनी, पण चालती मोटारसायकल येईल. सव्वाशे किलोमीटरांवरच्या बहिणीला भेटायला जाणाऱ्या माणसाला लडाखचा वाटाड्या पेलणारा नव्हता.

दुसरा उमेदवार म्हणजे रॉयल एन्फील्डने 2020 च्या मिटिऑरबरोबर आणलेला 'ट्रिपर'. वेगमापकाशेजारी बसणारी छोटीशी गोल तबकडी. ती नकाशा दाखवतच नाही. पुढच्या वळणाचा बाण आणि अंतर एवढेच. हा मितभाषीपणा मला मनापासून आवडला. माझा घोंगडीवाला वाटाड्या असाच होता की! पण त्या तबकडीला स्वतःची अक्कल नाही. खिशातला फोन तिला पढवतो आणि ती पोपटासारखी बोलते. शिवाय तिच्यासाठी गाडीच बदलायची, म्हणजे नथीसाठी नाक बदलण्यापैकी झाले.

उरला फोन. 2017 च्या डिसेंबरात गुगलने दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवण्याची सोय काढली, ती जगात सर्वांत आधी आपल्याच देशात. 2020 च्या ऑक्टोबरपासून मोटारवाहनांच्या नियमांनीही, चित्त विचलित होऊ न देता केवळ वाट पाहण्यापुरता फोन वापरायला मुभा दिली आहे. पण हॅंडलवर फोन लावायचा म्हणजे उन्हाने तो तापून मूर्च्छित पडतो, आणि पावसाचे थेंब पडद्यावर पडले की ती आपलीच बोटे समजून भलतीच बटणे दाबली जातात. त्यात ॲपल कंपनीने 2021 मध्ये जाहीरच करून टाकले की, मोटारसायकलच्या जोरदार इंजिनांची थरथर फोनमधल्या कॅमेऱ्याला बाधू शकते. चिरंजीवांनी नुकताच घेऊन दिलेला महागाचा फोन त्या थरथरीला अर्पण करायला माझे मन होईना.

या निवडीच्या निमित्ताने, ही यंत्रे वाट ओळखतात तरी कशी हे मी समजून घेतले, आणि थक्क झालो. जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून तीसएक उपग्रह फिरत असतात. प्रत्येकाजवळ अतिशय अचूक घड्याळ. 'मी अमुक, मी इथे, माझ्या घड्याळात इतके वाजले' एवढाच जप तो उपग्रह अखंड करत असतो. आपल्या हॅंडलवरचे यंत्र निदान चौघांचा जप ऐकते, कोणाचा आवाज किती उशिरा पोहोचला ते पाहते आणि त्यावरून आपली जागा ठरवते. त्या उंचीवर, त्या वेगात घड्याळे पृथ्वीवरल्यापेक्षा दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. आइन्स्टाइनच्या गणिताने ती चूक दुरुस्त केली नाही, तर एका दिवसात हिशेब दहाएक किलोमीटरांनी चुकेल. म्हणजे साताऱ्यात आक्काच्या दारात उभा असलेला मी उद्या तिथेच उभा राहून भलत्याच गावात असेन! ही व्यवस्था अमेरिकेची. 2000 सालच्या मे महिन्यापर्यंत सामान्य माणसासाठी तीत मुद्दाम थोडी चूक कालवलेली असे. आपल्या देशानेही 2013 पासून स्वतःचे उपग्रह सोडायला सुरुवात केली आणि 2016 मध्ये त्या व्यवस्थेला 'नाविक' असे सुरेख नाव दिले.

या सगळ्यात मला सर्वांत भावलेली गोष्ट वेगळीच होती. हे यंत्र केवळ ऐकते. वर काही कळवत नाही. आकाशातल्या त्या तीस घड्याळांना माझ्या अस्तित्वाचा पत्ताही नसतो. विठ्ठलमंदिरातल्या कीर्तनाचा आवाज रस्त्यावरून जाणाऱ्याच्या कानावर पडावा, पण कीर्तनकाराला त्याची गंधवार्ताही नसावी, तसे. मी कुठे आहे ते मला कळते. आणि मला एकट्यालाच. आपण कुठे आहोत हे दुसऱ्या कोणाला कळवायचे, तर त्यासाठी सिमकार्ड लागते, फोनची रेंज लागते. ते खाते निराळे.

आणि नेमका इथेच आमच्या घरात वाद झाला. चिरंजीव पुण्याला असतात. त्यांचे म्हणणे, 'बाबा, यंत्र कुठलंही घ्या. पण तुम्ही कुठं आहात ते आम्हाला दिसलं पाहिजे. फोनवर ठिकाण चालू ठेवा. आई काळजी करते.' मी ठाम नकार दिला. आयुष्यभर मी बँकेत हजेरीपटावर सही करत आलो. घरी नवरा, बाप, शेजारी. तासगाव नि रहिमतपूर यांच्या दरम्यानचे दोन-अडीच तास काय ते माझ्या मालकीचे. वाटेल तिथे थांबावे, बांधावरच्या बाभळीखाली बसावे, कोणाला हिशेब देऊ नये. त्या एवढ्याशा मोकळिकीवरही एक निळा ठिपका पहारा देणार असेल, तर मग एस.टी.ने गेलेले काय वाईट?

पत्नी हे सारे ऐकत शेंगा सोलत होती. ती एवढेच म्हणाली, ''तुम्हाला वाट ठाऊक असते हो. मी वाट बघत असते.''

ती सहज बोलली असेल. मला मात्र 2019 चा ऑगस्ट आठवला. आक्का आजारी म्हणून मी साताऱ्याला गेलो होतो, आणि मागे कृष्णा चढू लागली. आमचे घर गावभागात. आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट, यावर सांगलीकरांचा जीव वरखाली होत असतो. 45 फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळी ते 57 फुटांच्याही वर गेले. शहराचे रस्ते एकेक करून बंद झाले, वीज गेली, आणि पत्नीचा फोन लागेनासा झाला. मी साताऱ्याच्या ओसरीवर बसून पुनःपुन्हा माझ्या फोनवरचा नकाशा उघडत होतो. हरभट रस्ता जागच्या जागी होता, मारुती चौक जागच्या जागी होता. घरापर्यंतची रेघ निळी, सुरेख, अखंड. त्या रेघेवर दोन पुरुष पाणी आहे हे नकाशाला कोणी सांगितले नव्हते. घर कुठे आहे हे मला फुटा-इंचांत कळत होते, आणि घरातले माणूस कुठे आहे हे कळायला काडीचा मार्ग नव्हता. दोन रात्री तशा गेल्या. आक्का तापात असूनही माझ्याजवळ येऊन बसली. आम्ही दोघे काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. ''अहो, मी विश्रामबागेत आहे.'' एवढेच चार शब्द. दुसऱ्या मजल्यावरून तिला नि शेजारच्या आजींना बोटीतून काढले होते. बोटीवरच्या पोरांजवळ नकाशा नव्हता. कोणत्या गॅलरीतून हात हलतो आहे ते पाहत आणि गल्लीगल्लीत हाका मारत ती आली होती. उपग्रहांचे मोल मी कमी लेखत नाही; पण 'नाविक' हा शब्द वाचला की मला आधी ती पोरे आठवतात.

आमच्या भाषेने 'वाट' हा एकच शब्द दोघांना वाटून दिला आहे. निघालेला वाट चालतो, घरी राहिलेला वाट पाहतो. मी दोन महिने पहिल्यासाठी यंत्र शोधत होतो. त्याची गरज फारशी मोठी नाही. फाटा चुकला तर फार तर पाच-सात किलोमीटरांचा फेरा पडतो, आणि त्या फेऱ्यात एखादे गाव नवे कळते. दुसऱ्याचे तसे नसते. त्याला फाटे नसतात, मैलाचे दगड नसतात. नुसते घड्याळ असते. त्या दोन रात्री मी ती वाट चालून पाहिली आहे. तिच्या मानाने खटावचा माळ सोपा.

अखेर निवड झाली, ती सांगलीकराला शोभेल अशी, म्हणजे बिनखर्चाची. कपाटात माझा जुना फोन पडून होता. त्यातले सिमकार्ड काढलेलेच होते. सिमकार्ड नसले तरी फोनला उपग्रहांचा जप ऐकू येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. घरच्या वायफायवर त्यात सातारा नि सांगली जिल्ह्यांचा नकाशा उतरवून घेतला आणि तो हॅंडलवर चढवला. सकाळी त्याला उपग्रह सापडायला मिनिट-दोन मिनिटे जास्त लागतात. सकाळी मलाही माझा चष्मा सापडायला तेवढीच लागतात. कॅमेरा थरथरीने बिघडला तर बिघडो. अक्षरे मोठी करून घेतली आहेत. ऊन फार असेल तेव्हा मी त्याच्याकडे पाहतच नाही. हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरातून तो डावे-उजवे कुजबुजतो. हा माझा वाटाड्या. तो मला सांगतो, आणखी कोणाला काही सांगत नाही.

आणि नवा फोन आतल्या खिशात, ठिकाण चालू ठेवून. तो माझ्यासाठी नाही. मी त्याच्याकडे वाटेत पाहत नाही. तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, डब्याला टेकवून ठेवलेल्या दुसऱ्या एका फोनशी बोलत असतो.

मोकळीक थोडी गेली, हे खरे. गेल्या महिन्यात औंधला भज्यांच्या गाडीपाशी मी जरा जास्तच रेंगाळलो. दुसरी प्लेट हातात घेतली न घेतली तोच खिशातला फोन वाजला. ''अहो, अर्धा तास झाला, ठिपका हलत नाही. गाडी बंद पडली का?''

''नाही,'' मी म्हणालो, ''भजी खातोय.''

पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, ''तेल कसलं आहे ते बघा आधी. आणि आक्कांसाठी बांधून घ्या थोडी.''