तात्यांची सही

परवा मुंबईला जाऊन आलो. बातमीसाठी नाही, लग्नाला. आमच्या धाकट्या चुलत्यांच्या नातीचं लग्न, दादरला. बॅगेत आहेराची साडी, शेंगदाण्याची चटणी, तात्यांनी फोनवर बजावून मागवलेली दोन शेर ज्वारी, आणि अगदी तळाला एका फाइलीत दोन कागद. कागदांचं नंतर सांगतो.

लातूर-मुंबई गाडी रात्री धाराशिवला येते आणि सकाळी सीएसएमटीला सोडते. तिथून वरळीला भुयारी मेट्रोनं गेलो. ऑक्टोबरमध्ये पूर्ण सुरू झालेली, साडेतेहतीस किलोमीटरची. एसी, चकाचक, वरळी कधी आली कळलंही नाही. आता आपण पडलो पत्रकार, डोक्यात लगेच सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लाइन आली. ८४ किलोमीटर, तीही जमिनीवरून. असो. तिच्यावर मी इतक्या बातम्या लिहिल्यात की आता त्यांचीच एक पुस्तिका होईल.

हळद संध्याकाळी होती, दिवस मोकळा होता. तात्या म्हणाले, "बापू, चल तुला माझी मुंबई दाखवतो."

तात्यांचं वय एकोणसत्तर. १९७२ च्या दुष्काळात सोळाव्या वर्षी परंडा तालुक्यातून निघाले. इकडं रोजगार हमीची खडी फोडायला आजोबा आणि माझे वडील राहिले. तात्या गावातल्या दोघांबरोबर मुंबईला गेले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी कायम कामगार आला नाही तर काम, नाहीतर परत. गिरणगावात कोकणातले, घाटावरचे लोक जास्त, त्यात हा मराठवाड्यातला पोरगा. बोलण्यावरून हसायचे म्हणे. जेवण खानावळीत. बाया घरीच डबे करायच्या, कामगारांचा पगार झाला की हिशेब. पुढं १९७५ मध्ये प्रेमाताई पुरवांनी याच खानावळवाल्या बायांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

आधी लालबागला गेलो. भारतमाता सिनेमा अजून उभा आहे, बघून बरं वाटलं. मसाल्याच्या गल्लीत शिरलो तर मिरचीचा खकाणा असा की मी शिंकून बेजार. तात्या मात्र मजेत. "आपल्या काळ्या मसाल्याची चव ह्यांना न्हाई," म्हणाले, आणि लगेच अर्धा किलो मिरची घेतली.

तिथून चालत लोअर परळ. इथं त्यांचं बोलणं कमी झालं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, पदरात दोन लेकरं. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख कामगार. त्यातले कितीतरी परत गिरणीत गेलेच नाहीत. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झाली नाही, हे आपण पुस्तकात वाचतो. तात्या म्हणाले, "मग अजून संपावरच हाय मी," आणि स्वतःच हसले. नंतर त्यांनी भाजी विकली, हमाली केली. शेवटी सतरा वर्षं वॉचमन होते, एका गिरणीच्या जागेवर झालेल्या टॉवरच्या गेटवर. रोज गेटवर उभं राहून दिवस काढायची सवय होतीच, हे त्यांचंच वाक्य.

फिनिक्स मिलचं धुराडं मॉलच्या वर दिसतं. पोरं त्याच्यासमोर फोटो काढत होती. मीही काढला, खोटं कशाला बोलू.

आता तात्या राहतात कुठं? वरळीची बीडीडी चाळ तुम्ही ऐकली असेल. इंग्रजांनी १९२१ ते २५ च्या दरम्यान बांधलेल्या, १६० चौरस फुटांची एकेक खोली, संडास मजल्यावर सामाईक. त्यातल्या एका खोलीत सहा-सात माणसं, शिवाय गावाकडून परीक्षेला, दवाखान्याला आलेला कुणीतरी कायम. मीसुद्धा पत्रकारितेच्या डिप्लोमाच्या वेळी तिथं पंधरा दिवस पडलो होतो, गॅलरीत. यंदा ऑगस्टमध्ये म्हाडानं पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींमधल्या चाव्या दिल्या. ५०० चौरस फूट. तात्या त्यात आहेत. काकू म्हणतात, घर झ्याक आहे, पण दार लावलं की शेजारीण मेली का जिवंत आहे ते कळत नाही.

हळद आटोपल्यावर रात्री त्या घरात, खिडकीपाशी, मी फाइल काढली.

सप्टेंबरच्या पुरात सीनेकाठची आमची दोन एकर खरडून गेली. पीक सोडा, माती गेली, खाली गोटे उघडे पडले. सरकारनं खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत असं जाहीर केलं. पण सातबारा सामाईक. एकाच्या खात्यावर पैसे घ्यायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. हा पहिला कागद. दुसरा होता हक्कसोडपत्राचा मसुदा. घरात ठरलं होतं की आलोच आहोत तर विषय काढायचा, नंतर रजिस्ट्रीला त्यांना बोलवून घेता येईल. पन्नास वर्षांत तात्यांनी त्या जमिनीतलं एक पोतं नेलेलं नाही, हे खरं. आणि माझ्या वडिलांच्या डीएडची फी गिरणीतल्या मनीऑर्डरीतून भरली गेली, हेही खरं.

तात्यांनी संमतीपत्र न वाचता सही केली. आधारची झेरॉक्स काकूंनी काढूनच ठेवली होती. मग खाली दिवे बघत म्हणाले, "बहात्तरला पाणी न्हाई म्हणून निघालो, आता पाणीच माती घेऊन गेलं." थोड्या वेळानं, "बापू, पैसे तू घे. पर सातबाऱ्यावरचं नाव कमी करू नको माझं. पोरींच्या लग्नपत्रिकेत गाव लिवतो आम्ही, मुक्काम पोस्ट. ते खोटं व्हायला नको."

मी फाइल बंद केली.

दुसऱ्या दिवशी लग्न झोकात झालं. मुलाकडचे लोक हातातल्या अक्षता निरखून बघत होते. तांदूळ नव्हे, रंगवलेली ज्वारी. एकानं मला विचारलंच, "हे काय?" म्हटलं, आमच्याकडं असंच असतं.

तुमच्यापैकी ज्यांचं खातं सामाईक आहे आणि नावं मुंबई-पुण्यात आहेत, त्यांनी संमतीपत्रं लवकर घ्या. माझ्या ओळखीतल्या कितीजणांचे पैसे त्यापायीच अडकलेत. मी सोमवारी परंड्याला जाऊन तलाठ्याकडं देणार आहे.

दुसरा कागद फाइलीतच आहे. बायकोनं विचारलं, तर लग्नाच्या गडबडीत राहून गेलं म्हणून सांगितलं. ती फेसबुकवर नाही.