शेप्याचा वंश

आमचे घर फलटण-बरड रस्त्यालगत. माउलींची पालखी फलटणचा मुक्काम आटोपून बरडकडे निघाली की एक दिंडी पंगतीला आमच्या परसात उतरते. आजोबांपासूनची ही सेवा. परसात एक जुना रायवळ आंबा होता. फळ लहान, रेषाळ, पण गोड. कोयीपाशी शेपेचा वास येई, म्हणून सारे त्याला शेप्या म्हणत. शंभरेक माणसांची पंगत त्याच्या सावलीत बसे.

पण शेप्या आतून पोखरत चालला होता. भिरूड लागली होती. खोडाच्या भोकांतून भुसा गळे, बुंध्यावर थाप मारली की पोकळ आवाज येई. मुळांनी गोठ्याच्या भिंतीला तडा दिला. मी वडिलांना म्हणालो, "अण्णा, आता तोडायला हवा." खरे सांगतो, माझ्या मनात भिंत तेवढी नव्हती. लाकडाच्या व्यापाऱ्याने सांगितलेला आकडा होता, आणि मोकळ्या जागेत दोन खोल्या काढायचा बेत होता.

अण्णांना मी त्यांच्याच मार्गाने पटवू गेलो. "आळंदीला अजानवृक्षाचे मूळ माउलींच्या गळ्याला लागले, तेव्हा नाथ महाराजांनी येऊन दूर केलेच ना?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "मूळ दूर केलं रे. झाड ठेवलं."

मी निरुत्तर झालो.

त्या वर्षी पंगतीच्या आदल्या रात्री वारा सुटला आणि शेप्याची मोठी फांदी मोडून पडली. नेमकी तिथेच, जिथे दुपारी बायामाणसे जेवायला बसायची. पहाटे अण्णा माळ हातात घेऊन त्या फांदीशेजारी कितीतरी वेळ बसले. मग मला हाक मारून म्हणाले, "माझ्या हट्टापायी आज वारकऱ्यांच्या अंगावर आली असती. उतरव त्याला. पण वंश राखून."

पंगत त्या दिवशी गोठ्यापलीकडे पाल बांधून वाढली. जेवणानंतर अण्णांनी पाटीभर पाडाचे आंबे वाटले आणि नातवंडांना सांगितले, "कोयी फेकू देऊ नका रे, गोळा करा." वारकऱ्यांनी चोखलेल्या त्या कोयी सुनेने दुधाच्या पिशव्यांत माती-शेणखत भरून लावल्या. नुसती कोय वाढवली तर फळ आईसारखे येईलच असे नाही. म्हणून त्या रोपांवर शेप्याचीच काडी बांधायची ठरली. शेजारच्या रोपवाटिकेतल्या माणसाने कोय कलम शिकवले. रोप पंधरा दिवसांचे, पाने अजून तांबूस, तेव्हाच शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, पाचरीसारखी तासलेली काडी तीत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. अण्णांचा हात थरथरतो, म्हणून काडी त्यांनी निवडायची, चीर मी द्यायची, पट्टी नातवाने गुंडाळायची. श्रावणात अकरा कलमे बांधली. चार जगली.

आंबा तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. अर्ज केला, पाहणी झाली, आणि कार्तिकीनंतर शेप्या उतरवला. आईने आधी त्याला हळदकुंकू वाहिले. अण्णा दिवसभर ओसरीवर नामस्मरण करीत होते. बुंधा इतका पोकळ निघाला की नातू त्यात उभा राहिला. व्यापाऱ्याने आकडा निम्म्यावर आणला. मला राग आला, मग हसूही आले. ज्या पैशासाठी मी वडिलांशी वाद घातला, तो आत कधीच भुसा होऊन गळून गेला होता.

उरल्या पैशांतून बांबू आणि ताडपत्र्या घेतल्या, झाडे मोठी होईपर्यंत दिंडीला मांडव हवा म्हणून. पुढच्या पावसाच्या तोंडावर चार कलमे लावली, भिंतीपासून लांब, एकमेकांपासून तीस-तीस फुटांवर. अण्णा काठीने खुणा करीत गेले आणि माझ्या दोन खोल्यांची जागा त्या खुणांत संपली. मी काही बोललो नाही.

झाडांशी नाते सांगणारा तुकोबारायांचा अभंग मी भजनात उंच स्वरात म्हणत आलो. पण नातेवाइकाला म्हातारपण येते, दुखणे येते, त्याला निरोप द्यावा लागतो आणि त्याच्या लेकराबाळांचे बघावे लागते, हे मला त्या वर्षी कळले.

दिंडी आली. मांडवाखाली उकडत होते. नेहमीचे एक वयस्क वारकरी जेवण झाल्यावर शेप्याची जागा शोधू लागले. नातवाने त्यांना हात धरून कलमापाशी नेले. गुडघाभर रोप, पाच-सहा पाने. "माउली, हाच शेप्या."

त्यांनी तांब्यातले उरलेले पाणी आळ्यात ओतले आणि जसे लहान पोराच्याही पाया पडतात, तसे वाकून त्या रोपाच्या पाया पडले. ओसरीवरून अण्णांनी तिथूनच हात जोडले.

राम कृष्ण हरी.