तक्त्यात नसलेले टप्पे

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशी थांबत बदलापूरला पोहोचते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. उजाडताच या मार्गावरील गाड्या घराघरांतील आईवडिलांना मुंबईकडे नेतात आणि दिवेलागणीनंतर परत आणतात. मधल्या काळात तान्ही, रांगती मुले आजी-आजोबांच्या नाहीतर सांभाळणाऱ्या मावशींच्या स्वाधीन असतात. त्यामुळे बाळाचे पहिलेवहिले पराक्रम पाहण्याचे भाग्य या पट्ट्यात बहुधा ज्येष्ठांच्या वाट्याला येते.

मान धरणे, पालथे पडणे, बसणे, चालणे हे टप्पे लसीकरणाच्या कार्डावर छापलेले असतात आणि ते महत्त्वाचे आहेतच. मात्र दवाखान्यात येणारे आजोबा ज्या गोष्टी डोळे चमकावत सांगतात, त्या कोणत्याही तक्त्यात सहसा सापडत नाहीत. या तीन गावांतून फिरताना अशा टप्प्यांची ओळख करून घेऊ.

पहिले गाव उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहू लागले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या वसाहतीची कोनशिला बसवली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिचे नाव पडले. आजही पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प नंबर चार’ असेच म्हणतात. इथल्या बाळाच्या कानावर आजीची सिंधी लोली पडते, गल्लीत हिंदी आणि सांभाळणाऱ्या मावशींची मराठी. सिंधीत दुधाला ‘खीर’ म्हणतात. दोन वर्षांचे मूल आजीकडे ‘खीर’ मागते आणि मावशींकडे वळून ‘दूध’ म्हणते, तेव्हा समोरच्या माणसाची भाषा कोणती, हे त्याने ओळखलेले असते. केवढी ही समज! दोन-तीन भाषा कानी पडल्याने बोलणे लांबते, हा समज निराधार आहे. आजीने आपल्या भाषेत खुशाल गावे.

दुसरा टप्पा चेष्टेचा. नऊ-दहा महिन्यांचे बाळ हातातला चमचा आपल्यापुढे धरते. आपण हात पुढे केला की झटकन मागे घेते आणि खुदकन हसते. मानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी यांनी एक वर्षाच्या आतील बाळांच्या अशा खोड्यांचा अभ्यास केला आहे. समोरच्याला काय अपेक्षित आहे हे कळल्याखेरीज त्याला हुलकावणी देता येत नाही. तेव्हा आजोबांची फजिती हे बाळाच्या बुद्धीचे प्रशस्तिपत्र समजावे.

पुढे अंबरनाथ. स्थानकाच्या पूर्वेला, वालधुनीच्या काठी शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा उल्लेख आहे. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला सुमारे वीस पायऱ्या उतराव्या लागतात. गुडघे धरून, एकेक पायरी जपून उतरणारे ज्येष्ठ आणि शेजारी पाठमोरे होऊन, पोटावर सरकत, पाय खाली चाचपडत उतरू पाहणारे दीड वर्षाचे मूल, असे दृश्य इथे शोभून दिसते. ‘आधी पाय, मग डोके’ हा शोध मुलाला उंचीचे भान आल्याची खूण आहे. अर्थात हात धरायला कोणी तरी हवेच. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मुलाला कडेवर घेऊन पायऱ्या उतरण्याचे धाडस करू नये.

रांगण्याविषयीही इथेच सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे चार टक्के निरोगी मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि आधाराशिवाय चालण्याचे वय साधारण आठ ते साडेसतरा महिने असे पसरलेले आढळले. बसल्या जागी फरपटत फिरणारा नातू शेजारच्या रांगणाऱ्या मुलाच्या मागे पडला, असे मानू नये.

शेवटचे गाव बदलापूर. उल्हास नदी, जूनमधली टपोरी जांभळे आणि दूरवर चंदेरीचा सुळका. इथल्या गच्चीवर संध्याकाळी बाळाला गाडी, कावळा, चांदोमामा दाखवण्याचा कार्यक्रम चालतो. पहिला ‘टाटा’ अनेकदा उलटा असतो. तळवा स्वतःकडे वळवून बाळ हात हलवते, कारण आपला तळवा त्याला तसाच दिसत आलेला असतो. मग एक दिवस ते गाडीकडे बोट दाखवते आणि मान वळवून आपल्याकडे पाहते. ‘मला दिसले, तुलाही दिसले ना?’ एवढाच त्याचा अर्थ. मागण्यासाठी बोट दाखवणे निराळे. आनंद वाटून घेण्यासाठी दाखवणे ही भाषेची आणि मैत्रीची पहिली पायरी आहे.

म्हणूनच या गमतींना वैद्यकीय मोल आहे. एक वर्षाचे मूल नावाने हाक मारूनही वळत नसेल, हातवारे करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने काही दाखवत नसेल, किंवा येत असलेली एखादी गोष्ट करेनासे झाले असेल, तर ‘आमच्या घराण्यात सगळे उशिराच बोलले’ म्हणून थांबू नये. २०१३ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची तपासणी विनामूल्य होते आणि गरज भासल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. उपचार जितके लवकर, तितका लाभ अधिक. दिवसभर मुलाजवळ असणाऱ्या माणसाची शंका मी नेहमी गांभीर्याने घेतो, कारण माझ्यासमोर मूल दहा मिनिटे असते आणि आजीसमोर दहा तास.

एक नाजूक गोष्ट उरते. नातवाने पहिले पाऊल दुपारी टाकले, तरी कित्येक आज्या ते मनातच ठेवतात. रात्री दमून आलेल्या सुनेला किंवा लेकीला ‘आज चालेल असे वाटते’ एवढेच म्हणतात आणि तिच्यासमोर पडलेले पाऊल पहिले ठरू देतात. या मोठेपणाला नमस्कार. पण तारीख मात्र टिपून ठेवा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब असतोच. त्याच चौकोनात ‘उलटा टाटा’, ‘चमच्याची हुलकावणी’, ‘गाडीकडे बोट’ असे दोन शब्द लिहा. डॉक्टरांना ते उपयोगी पडेल. आणि मूल मोठे झाल्यावर, आपण पाहिलेले त्याचे बालपण त्याला तुमच्याच अक्षरात वाचायला मिळेल.