पुस्तकी किड्यांचे बरे दिवस

आमच्या केंद्राच्या फॉर्मात 'अपेक्षा' नावाचा रकाना असतो. भरायचा मुलीनं, भरते तिची आई आणि शेवटची नजर टाकतो मामा. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतून येणाऱ्या फॉर्मांत त्या रकान्यात मी वर्षानुवर्षं जवळपास एकच मजकूर वाचते आहे: 'आयटी, पुणे, स्वतःचा फ्लॅट, एकुलता एक असल्यास उत्तम.' यावरून पुण्या-मुंबईतली माझी मित्रमंडळी म्हणतात, की शाळेत ज्याला घासू, ढापण्या, पुस्तकी किडा म्हणून चिडवायचे, त्या पोराला आता बरे दिवस आलेत; मुलींना तो आवडायला लागलाय. बरे दिवस आलेत हे खरं. पण ते त्या पोराला आलेत की त्याच्या पगाराला आणि पत्त्याला, हे बघायला वह्या चाळाव्या लागतात.

वह्या माझ्या सासूबाईंच्या. सांगलीच्या विश्रामबागेतलं हे वधू-वर सूचक केंद्र त्यांनी सुरू केलं, मी ते पुढे चालवते. संगणक येण्याआधीच्या त्यांच्या वह्यांत चांगलं स्थळ कोणतं, यात शंकेला जागा नव्हती. वाळवा, कराड भागात साखर कारखान्यात कायम झालेला क्लार्क. जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक. जिल्हा बँकेतला कारकून. साताऱ्याकडे मिलिटरीतला मुलगा. ज्या आपशिंग्यातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, त्या भागात फौजेतल्या जावयाचा मान काही औरच. पाटण-जावळीकडे मुंबईत माथाडीत नाव लागलेला. आणि खानापूर-आटपाडीला गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी कुठे केरळात, कुठे पंजाबात पेढी टाकून बसलेला. अभ्यासू मुलंही त्या वह्यांत आहेत. त्यांच्यापुढे सासूबाईंनी बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'मुलगा अभ्यासू, स्वभावाने गरीब'. त्यांची पद्धत ओळखणाऱ्याला त्याचा अर्थ कळायचा: जमीन नाही, दिसायला यथातथा, बोलता येत नाही. बघा जमलं तर.

हा शेरा बदलायला सुरुवात झाली ती १९८३ नंतर. आमच्याच सांगलीचे, स्वतः फारसं न शिकलेले वसंतदादा पाटील त्या वर्षी पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याआधी आमच्याकडे सांगलीचं वालचंद होतं, १९४७ पासूनचं. कराडचं सरकारी कॉलेज होतं, १९६० पासूनचं. तिथं जाणारा मुलगा अख्ख्या पंचक्रोशीत एखादा. मग साखराळ्याला कॉलेज निघालं, साताऱ्यात निघालं, पुढे आष्ट्याला निघालं आणि उसाच्या पट्ट्यात इंजिनिअर ही जात तयार झाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिंजवडी उभी राहिली. साल २००० च्या आगेमागे अमेरिकेच्या संगणकांतली तारखांची भानगड निस्तरायला माणसं कमी पडायला लागली, तेव्हा कडेगाव-पलूसची पोरं विमानात बसली. गावात कुणी त्यांना नीट बोलताना ऐकलं नव्हतं. यात्रेला आली की कुस्तीच्या फडाकडे न जाता ओसरीवर पुस्तक घेऊन बसायची. त्यांच्याच दारात आता पाहुण्यांच्या जीपगाड्या.

एका मामांनी सासूबाईंना विचारलं होतं, "मुलगा कॉम्प्युटरवर नेमकं काय करतो ओ?" सासूबाई म्हणाल्या, "ते त्याच्या बापालाबी म्हाईत न्हाई. पगार म्हाईत हाय." सोयरीक जमली.

तरीही कोणी म्हणेल, की कारण काहीही असो, किड्याला मागणी आली ना? तर ही परीक्षा करून बघा. डोकं तेच ठेवायचं, पत्ता बदलायचा.

तासगावकडचा द्राक्षबागायतदार घ्या. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात कुठल्या प्रयोगशाळेत जन्मली नाही. थॉम्प्सनच्या बागेत वेगळी दिसणारी वेल हेरून ती तासगावच्या शेतकऱ्यानं निवडली, जोपासली. आजही तिकडची तरुण पोरं एप्रिल छाटणी आणि ऑक्टोबर छाटणीमधल्या प्रत्येक दिवसाचा हिशेब ठेवतात. जिब्रेलिक ॲसिडमध्ये घड कोणत्या दिवशी, किती पीपीएमला बुडवायचा यावर रात्री दोनपर्यंत व्हॉट्सॲपवर वाद घालतात. खिशात ब्रिक्स मोजायचं यंत्र असतं. पानाच्या मागच्या बाजूला डाऊनी रोग दिसला तर जेवण सुचत नाही. अशी माणसं मी कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत पाहिली नाहीत. एका विषयात बुडून जाणं, आकड्यांची आवड, चारचौघांच्या गप्पांचा कंटाळा, सगळी लक्षणं बरोबर तीच. अशा एका मुलाचं स्थळ मी सुचवते तेव्हा पलीकडून उत्तर येतं, "ताई, शेतकरी नको." मी म्हणते, मुलगा एम.एस्सी. ॲग्री आहे, निर्यात करतो. "ते खरं ओ, पण राहणार गावातच ना?" संभाषण संपलं.

पुण्यात भाड्याच्या वन-बीएचकेत राहून कुठल्याशा बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारा, त्या कामाचा मनापासून कंटाळा करणारा त्याचाच चुलतभाऊ मात्र महिन्याभरात उजवला जातो. हे बघितल्यावर हुशारीला भाव आला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

याच मातीत लक्ष्मणराव किर्लोस्कर होऊन गेले, म्हणून त्यांची आठवण काढायचा मोह होतो. त्यांचा बायोडाटा आजच्या फॉर्मात भरून बघावा. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवण्याची नोकरी, ती सोडलेली. बेळगावात सायकलचं दुकान. मग कडबा कापायचं यंत्र. मग लोखंडी नांगर, आणि लोखंडानं जमीन नासते म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर, निवडुंगात, कारखाना टाकायला निघालेले. कुठल्या मामानं हे स्थळ पुढं सरकू दिलं असतं? आणि गंमत अशी, की बायकांच्या सुखदुःखाची, लग्नाची उघड चर्चा करणारं 'स्त्री' मासिक १९३० मध्ये निघालं ते त्याच यंत्रांच्या गावातून, किर्लोस्करवाडीतून.

नवरा कशावरून निवडायचा याचा घोळ सांगलीला नवा नाही म्हणा. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं नाटक केलं ते सीतास्वयंवराचं. तिथं कसोटी मनगटाची. १८९९ मध्ये हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची 'शारदा' आली. तिथं कसोटी थैलीची, आणि ती लावली मुलीच्या बापानंच. डोक्याची कसोटी लावणारं नाटक अजून यायचंय. नाटककारांनी मनावर घ्यावं.

आता एक कडू गोष्ट. मुली निवडायला लागल्या, मुलांना नकार मिळायला लागले, याचं श्रेय सुधारणेला देऊन मोकळं होता येत नाही. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे सांगली जिल्ह्यात ८५१ मुली होत्या, साताऱ्यात ८७८. ती मुलं-मुली आज लग्नाच्या वयात आहेत. म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मांचा तोल पंचवीस-तीस वर्षांपूर्वी सोनोग्राफीच्या खोल्यांत बिघडवला गेला. त्यानंतरही २०१७ मध्ये म्हैसाळचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण घडलंच. साताऱ्यात २०११ मध्ये 'नकोशी' नावाच्या २८५ मुलींना समारंभानं नवी नावं दिली होती. त्यांतल्या कितीतरी आता 'हव्याशा' स्थळांत मोडतात, त्यांच्या दारात मुलाकडचे हेलपाटे घालतात. शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. लोक टीव्हीवर हसले. मला हसू आलं नाही. त्यातल्या चेहऱ्यांसारखे चेहरे माझ्या बाकावर रोज बसतात.

मुली कमी, म्हणून निवड त्यांच्या घरच्यांच्या हातात. आणि घरच्यांना मुलीला शेणामातीतून, सासूच्या चुलीवरून सोडवायचंय. त्या सुटकेचं सगळ्यात सोपं तिकीट म्हणजे पुण्याचा आयटीवाला. मी त्या आयांना नावं ठेवत नाही. ज्या बाईनं स्वतः जन्मभर वैरण काढली, ती लेकीसाठी हिंजवडी मागणारच.

खरी परीक्षा होते मुलगीच किडा असते तेव्हा. दिवाणखान्यात जयंत आणि मंगला नारळीकरांचं नाव सगळे आदरानं घेतात. तो खगोलशास्त्रज्ञ, ती गणिताची, काय जोडी! पण विलिंग्डनमध्ये गणितात एम.एस्सी. करून पीएच.डी.ला लागलेल्या मुलीचा फॉर्म मी मुलाकडे पाठवते, तेव्हा त्याची आई दबक्या आवाजात विचारते, "जास्त शिकलेली नाही ना हो वाटत? आमचा बी.ई.च आहे." मुलीच्या आयाही हे ओळखून असतात. काही जणी पीएच.डी. चालू असल्याचं लिहू नका म्हणतात, नुसतं 'एम.एस्सी., नोकरी' टाका. मुलाची हुशारी फुगवून लिहायची, मुलीची झाकून, हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज अजून पुरता मेलेला नाही.

जगभराचं बघावं तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये ३७ संस्कृतींतल्या दहा हजारांवर माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात समजूतदार स्वभाव आणि बुद्धी हे गुण पुरुष-बायका दोघांनीही वरच्या पायरीवर ठेवले. जोडीदाराच्या कमाईला मात्र जवळजवळ सगळीकडे बायकांनी पुरुषांपेक्षा जास्त वजन दिलं. २०१८ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं, की जोडीदार हुशार असावा असं लोकांना वाटतं ते शंभरातल्या नव्वदांहून हुशार असेपर्यंत. अगदी टोकाची हुशारी असेल तर ओढ थोडी उतरते. आमच्या मामांनी हा निबंध वाचलेला नाही, पण 'पोरगं लई हुशार नको, संसारात लक्ष राहत नाही' हे ते फार आधीपासून सांगतात.

मग काहीच बदललं नाही का? बदललंय, आणि ते मला २०२० नंतर दिसायला लागलं. लॉकडाऊनमध्ये आयटीवाली पोरं लॅपटॉप घेऊन गावी आली. नेटवर्कसाठी कुणी माळ्यावर, कुणी टाकीवर. पत्ता पुसला गेला आणि उरलं ते पोरगं. रात्री अकराला साहेबाशी इंग्रजीत वाद घालणारं, दुपारी आईला भाजी चिरून देणारं, किंवा आईशी एक शब्द न बोलणारं. आयांना पहिल्यांदा कळलं, की आपला मुलगा दिवसभर काय करतो. आणि मुलींनाही, कारण तोवर त्याही त्याच कंपन्यांत लागल्या होत्या. स्वतःचा पगार असलेली मुलगी पॅकेज विचारते, नाही असं नाही, पण तिथं थांबत नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हल्ली मी कान देऊन ऐकते. "मी नाईट शिफ्टला असेन तर स्वयंपाक कोण करणार?" "माझ्या आईबाबांना पैसे पाठवलेले चालतील?" "तुला राग आला की तू काय करतोस?"

इथं आमच्या किड्याची त्रेधा उडते. चौदा वर्षं शाळा-क्लास आणि चार वर्षं हॉस्टेल यांत राग आल्यावर काय करायचं हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. काही जण गप्प बसतात. एकानं तर कामाबद्दल विचारल्यावर मुलीला डेटाबेस म्हणजे काय हे कागदावर आकृत्या काढून समजावलं, पोहे गार होईपर्यंत. ती स्वतः डेटाबेसवरच काम करत होती, आणि हे तिच्या फॉर्मात लिहिलेलं होतं. यातला अडाणीपणा बुद्धीचा मुळीच नाही. समोरच्याचं वाचायची सवय नाही, इतकंच. उलट काही अबोल पोरं असतात, ती मुलगी बोलते तेव्हा खरोखर ऐकतात, आठवणीत ठेवतात, दुसऱ्या भेटीत तिच्या आजीच्या गुडघ्याचं विचारतात. अशांना हल्ली पसंती पटकन येते. मैदान गाजवणारा, बुलेटवर फिरणारा, गावच्या पुढाऱ्याच्या मागे मिरवणारा मुलगा त्यांच्यापुढे मागे पडताना मी पाहिला आहे, आणि तेव्हा मला बरं वाटलं हे लपवत नाही.

म्हणून अलीकडे मी फॉर्मात एक रकाना वाढवला: 'रिकाम्या वेळात काय करता?' बहुतेक मुलं लिहितात ट्रेकिंग, प्रवास, क्रिकेट. मोठ्या भावाचा सल्ला असतो. कराडकडच्या एका मुलानं लिहिलं, 'रेल्वेची जुनी वेळापत्रकं गोळा करतो.' दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन, "ताई, ते वेळापत्रकाचं खोडा तेवढं. पोरगं खुळं वाटतंय." मी ऐकलं नाही, तसंच ठेवलं. महिन्याभरानं मिरजेच्या एका मुलीनं विचारलं, त्याच्याकडे मिरज-पंढरपूर नॅरोगेजचं वेळापत्रक आहे का. तिचे आजोबा त्या गाडीवर गार्ड होते.

भेट झाली. मग मुलाकडून निरोप आला, गुण जुळत नाहीत. अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या दाभोलकरांच्या जिल्ह्यातलंच घर, मुलगा इंजिनिअर, पण पत्रिका आईच्या मोबाइलमधल्या ॲपनं बघितली. मी फाइल बंद केली. आता कानावर येतंय, की दोघं परस्पर भेटताहेत, दर रविवारी, कधी मिरज स्टेशनवर तर कधी कराडच्या प्रीतिसंगमावर. जमलं तर माझी फी बुडणार, कारण नियमाप्रमाणे ती फाइल उघडी असेपर्यंतच देय असते.