वडाळीच्या बांबूत पाच पोरं

अकोल्याहून निघालो तेव्हा थंडी बोचत होती. जानेवारीतला रविवार. मूर्तिजापूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीची काढणी चाललेली, वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या तशाच उभ्या. भाड्याच्या गाडीत आम्ही दोघं नवरा-बायको, अकोटहून आलेली मुलांची नानी आणि पाच पोरं. आमची दोन, दिराची तीन. सर्वांत मोठा सात वर्षांचा, सर्वांत लहान आमची धाकटी, साडेचारची.

जायचं होतं अमरावतीला, वडाळीच्या बांबू उद्यानात. नातेवाइकांकडे लग्न नव्हतं, दवाखान्याचं काम नव्हतं. फक्त मुलांना झाडांत सोडायला ९० किलोमीटर जायचं, हे शेजारच्या आपांना काही पटलं नाही. पण त्यामागे एक लाल शेरा होता. धाकटीच्या नर्सरीच्या वहीत डिसेंबरमध्ये लिहून आलं होतं: मुलगी वर्गात बोलत नाही, लिखाण कच्चं. आम्ही दोघंही शिक्षक, त्यामुळे तो शेरा जरा जास्तच लागला. दोनच महिन्यांपूर्वी, ४ वर्षं ४ महिने ४ दिवस पूर्ण झाले तेव्हा घरात रीतीप्रमाणे तिची बिस्मिल्लाह झाली होती. भरल्या खोलीत, पन्नास माणसांसमोर, ती न अडखळता बोलली होती. मग वर्गात तोंडाला कुलूप का?

वडाळी तलावाजवळचं हे उद्यान वनविभागाचं. आत शिरलं की दोन्हीकडून बांबू वर जाऊन एकमेकांवर झुकलेले, पायाखाली वाळक्या पानांचा जाड थर. कुठे हिरवे, कुठे पिवळे, कुठे मनगटापेक्षा जाड. आम्ही शिक्षकाच्या सवयीने सांगायला लागलो, की बांबू हे झाड नसून गवताचाच प्रकार आहे, आणि सरकारनेही २०१७ मध्ये कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून त्याला वगळलं. ऐकायला कोणी नव्हतं. पोरं पानांच्या ढिगात लोळत होती.

तिथे काम करणारे एक काका खराटा टेकवून म्हणाले, “मॅडम, पोट्ट्यायले जरा खेळू द्या ना. सांगता काय त्यायले?” आम्ही गप्प बसलो. बी.एड.ला इतकं थोडक्यात कोणी शिकवलं नव्हतं.

मग जे झालं ते आपोआप झालं. मोठ्याने बांबूची गळून पडलेली साल उचलली, तिची होडी झाली. ती बुडते की तरते, यावरून भांडण, मग बाटलीतलं पाणी खड्ड्यात ओतून पाहणी. मधल्या दोघींनी दोन बांबू वाजवून पाहिले. जाडाचा आवाज घुमतो, बारक्याचा टणटणतो. कुंपणाकडे पळसाचं रोप होतं. पळसाला पाने तीनच, हे वऱ्हाडात पोरासोरांनाही ठाऊक असतं, पण या पोरांनी प्रत्येक देठ मोजून खात्री केली. तीन, तीन, पुन्हा तीन. नानी म्हणाली, “हमारे यहाँ इसे ढाक भी बोलते, टेसू भी.” एका झाडाला तीन पानं आणि नावंही तीन! धाकटी ती नावं पुटपुटत होती. आम्ही पाहिलं, काही बोललो नाही.

हे सगळं नवं नाही. मक्क्यातली घराणी तान्ह्या मुलांना वाळवंटातल्या कबिल्यांकडे पाठवत, मोकळी हवा मिळावी आणि भाषा स्वच्छ व्हावी म्हणून. प्रेषित मुहम्मद (स.) यांचं बालपण हजरत हलीमांकडे, बनू सादमध्ये असंच गेलं. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात एक आई मुलांना रोज जंगलात नेऊ लागली, त्यातून तिकडच्या वन-बालवाड्या वाढल्या. पण इतकं लांब कशाला? लग्नानंतर काही वर्षं याच अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र काढलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्या आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं, की वारल्यांची मुलं गुरं-शेळ्या चारायला जातात, शाळेत कशी येणार? तेव्हा शाळाच चराईच्या रानात गेली. तिचं नाव कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले, पानं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाला. आपल्या गल्लीतल्या नर्सरीत मात्र तीन वर्षांच्या मुलाच्या हातात अजून पेन्सिलच मिळते.

दुपारी जोहरची नमाज चटईवर झाली. ज्वारीची भाकर, ठेचा, नानीने आणलेली बोरं. तेवढ्यात मोठा मूठ मिटून आला. कुंपणावरच्या वेलीच्या फुटलेल्या शेंगांतून त्याने लाल बिया जमवल्या होत्या, टोकाला काळा ठिपका. गुंज! नानीने हातातलं बोर खाली टाकलं. ही बी दिसायला मण्यासारखी, पण चावली गेली तर जीवावर बेतते.

“कितनी थी?”

“दस.”

सगळ्यांचे हात उघडले, खिसे उलटे केले. नऊ भरल्या. पोटात गोळा आला. एकेकाचं तोंड उघडून पाहिलं. काका खराटा टाकून पानं चाळायला लागले. आम्ही पाचही जणांना विचारत होतो, आवाज चढत होता, आणि चढलेल्या आवाजाला लहान मूल खरं सांगत नाही, हे वर्गात वीस वर्षं काढूनही त्या क्षणी आठवलं नाही.

नानी जमिनीवर बसली आणि धाकटीला शांतपणे म्हणाली, “बेटा, पहले सुनार इसी से सोना तौलते थे. एक दाने को रत्ती बोलते.”

धाकटीने ओढणीच्या टोकाला मारलेली गाठ दाखवली. “मेरे पास है. मैंने खाई नहीं. मैं अम्मी की बाली तौलूँगी. एक रत्ती इधर, बाली उधर.” मग थांबून, “पर तराज़ू तो नहीं है, नानी.”

वर्षभरात एवढं सलग ती घराबाहेर पहिल्यांदाच बोलली. नानीने दहावी गुंज काढून घेतली, सगळ्यांचे हात साबणाने धुतले. काकांनी बांबूची एक कामटी चिरून दिली. दोन टोकांना दोऱ्याने पळसाची पानं बांधली, मधे दोरा. तराजू झाला. गुंजेऐवजी चिंचोके. बाली चार चिंचोक्यांना भारी पडली, पाचव्याला हलकी.

ज्यांना जायचं असेल त्यांनी पाणी भरपूर न्यावं, मुलांना बंद बूट घालावेत. सलवारीला चिकटलेली कुसळं काढायला आम्हाला रात्रीचे दहा वाजले. गुंजेची वेल मुलांना आधी ओळखून दाखवा. आमच्याकडून ते राहून गेलं होतं.

शेऱ्याखाली पालकांच्या सहीची रेघ अजून कोरीच आहे. पुढच्या वर्षीचा प्रवेशअर्ज कपाटावर पडून आहे, दोघांत रोज त्यावर बोलणं होतं. धाकटीला त्याचं काही नाही. पळस फुलला की अकोल्याजवळच्या काटेपूर्णा अभयारण्यात जायचं, असं तिने नानीकडून कबूल करून घेतलं आहे, आणि तराजू दप्तरात मावत नाही म्हणून सध्या ती रडते आहे.