ठिणगी विझवण्याची घाई

कॉर्टिसॉल कुठे तयार होतं, असं एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारलं, की सगळा वर्ग एका सुरात ‘अ‍ॅड्रिनल ग्रंथीत’ म्हणतो. ग्रंथीतल्या पेशीत नेमकं कुठे, असं विचारलं की पहिल्या बाकावरची मुलंही वहीत डोकं घालतात. सुरुवात आणि शेवट मायटोकॉन्ड्रियात होतो. कोलेस्टेरॉलचा रेणू मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलापाशी आणला जातो आणि तिथे त्याची शेपटी छाटली जाते. मग तो बाहेर पडतो, पेशीच्या दुसऱ्या भागात थोडे फेरफार करून घेतो आणि शेवटच्या पायरीसाठी पुन्हा मायटोकॉन्ड्रियात परततो. परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसाच्या रक्तात जे संप्रेरक चढतं, त्याचा कारखाना हा.

‘मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र’ या शाळेत पाठ केलेल्या वाक्यावर माझा राग आहे तो यासाठी. वाक्य खरं आहे, पण ते वाचून विषय संपल्यासारखा वाटतो.

याच अ‍ॅड्रिनल ग्रंथीत आणखी एक गोष्ट ठासून भरलेली असते: क जीवनसत्त्व. शरीरात ते जिथे सर्वांत दाट असतं, त्या मोजक्या जागांपैकी ही एक. ऑल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी 1928 साली केंब्रिजमध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं, तेही गुरांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून. पुढे हंगेरीत सेगेदला परतल्यावर तिथल्या लाल मिरचीतून, म्हणजे पॅप्रिकातून, त्यांनी ते भरपूर प्रमाणात काढलं, आणि 1937 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. उंदराला ताण दिला की त्याच्या अ‍ॅड्रिनलमधलं क जीवनसत्त्व झपाट्याने उतरतं. हे इतकं भरवशाचं, की 1940च्या दशकाच्या अखेरीपासून बरीच वर्षं अ‍ॅड्रिनलला हुकूम देणाऱ्या एसीटीएच या संप्रेरकाचं मोजमापच या घटीवरून केलं जाई.

ते तिथे एवढं का लागतं, याची एकापेक्षा जास्त कारणं असावीत. मला पटतं ते असं. कॉर्टिसॉल घडवणारी मायटोकॉन्ड्रियातली विकरं ऑक्सिजन आणि इलेक्ट्रॉन यांच्याशी खेळतात, आणि त्या खेळात इलेक्ट्रॉन निसटतात. ग्रंथी जितकी जोरात काम करणार, तितकी गळती जास्त. शेजारी क जीवनसत्त्वासारख्या अँटिऑक्सिडंटचा साठा हवाच.

अशी गळती अ‍ॅड्रिनलपुरती नाही. लाल रक्तपेशी सोडल्या तर जवळजवळ प्रत्येक पेशीत ती चालू असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावरच्या प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकतात. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात तसे. शेवटच्या हाताला ऑक्सिजन असतो, तो त्यांना घेऊन पाणी बनवतो. या देवाणघेवाणीतून प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात आणि ते परत येताना एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन तयार होतं. पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये हे मांडलं तेव्हा फार थोड्यांना पटलं होतं. आता घमेल्यांतून थोडं सांडतंच. सांडलेला इलेक्ट्रॉन मध्येच ऑक्सिजनला चिकटला की सुपरऑक्साइड होतं, त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड. आणि सर्वांत जास्त कधी सांडतं? वरच्या माणसाने हात आखडते घेतले आणि खालून घमेली येतच राहिली, तेव्हा. म्हणजे इंधन भरपूर, एटीपीला गिऱ्हाईक नाही.

खुर्चीत बसून सोसलेल्या ताणाची अडचण इथे आहे. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात साखर आणि मेदाम्लं सोडतात, ती पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी. आपण पळत नाही. गृहकर्जाच्या हप्त्याशी कुणी कुस्ती खेळू शकत नाही.

सुपरऑक्साइड निवळणारं विकर 1969 मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ओळखलं. त्याचा मँगनीजवाला प्रकार मायटोकॉन्ड्रियात असतो. तो नसलेली उंदराची पिल्लं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत दगावतात, इतका तो गरजेचा. त्याच्याआधी, 1956 मध्येच, डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपण हे सुपरऑक्साइडसारख्या मुक्त मूलकांनी केलेल्या नासधुशीचं फळ आहे असं सुचवलं होतं आणि 1972 मध्ये बोट थेट मायटोकॉन्ड्रियावर ठेवलं. कल्पना सुरेख होती. मूलकं वाईट, अँटिऑक्सिडंट चांगली, तर मग गोळी घ्या. बाजाराला एवढं पुरलं.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर मोठी चाचणी झाली. काहींना बीटा कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, उरलेल्यांना औषधाविना नुसतीच गोळी. 1994 मध्ये निकाल आले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत अशीच दुसरी चाचणी चालू होती; तिथे वाढ 28 टक्के दिसली आणि जानेवारी 1996 मध्ये ठरल्या मुदतीआधीच गोळ्या बंद कराव्या लागल्या. हे आकडे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. नुसतं तोंडी सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही.

मग चुकलं कुठे? पेरॉक्साइड हा नुसता कचरा धरला गेला, इथे. तो निरोपही असतो. पेशीत एनआरएफ-2 नावाचं प्रथिन सतत बनतं आणि बनलं की लगेच मोडीत काढलं जातं. कीप-1 नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून मोडीत पाठवत असतं. पेरॉक्साइड वाढलं की कीप-1च्या अंगावरचे गंधकाचे गट बदलतात आणि त्याची पकड सुटते. सुटलेलं एनआरएफ-2 केंद्रकात जातं आणि शेकडो जनुकं जागी करतं: ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट बनवणारी, विषं निकामी करणारी, लोह सांभाळणारी. जपानच्या मासायुकी यामामोतो यांच्या गटाने 1997 ते 1999 दरम्यान हा मामला उलगडला. शरीराची खरी अँटिऑक्सिडंट ही अशी घरी बनलेली असतात, आणि त्यांची ऑर्डर पेरॉक्साइडची ठिणगीच देते.

मायकेल रिस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2009चा प्रयोग मला म्हणूनच आवडतो. तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज 1000 मिलिग्रॅम क आणि 400 युनिट ई जीवनसत्त्व दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांत इन्शुलिनचा परिणाम सुधारला, स्वतःची संरक्षक विकरं वाढली. गोळ्या घेणाऱ्यांना घाम तेवढाच आला, फायदा मात्र दिसला नाही. नंतरचे सगळे प्रयोग याच्याशी जुळले असं नाही, पण जिमच्या काउंटरवर डबा विकत घेण्याआधी थांबायला हे पुरेसं आहे.

हळदीतलं कर्क्युमिन आणि मोहरीचा झणका हेही कीप-1ला चिमटा काढतात. ही संयुगं खुद्द मूलकं वेचत बसतात म्हणून उपयोगी, असं पाकिटावर सुचवलेलं असतं. मला वाटतं ती उपयोगी असलीच तर चिमट्यामुळे. कर्क्युमिन पोटातून रक्तात जातं तेही जेमतेम. झाडाने किड्यांना पळवायला बनवलेलं सौम्य विष आपल्या पेशींना तालमीत उतरवतं, आणि ते फोडणीएवढंच असलेलं बरं.

थोडा ताण आणि लांबलेला ताण यांत मायटोकॉन्ड्रिया फरक करतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदरांच्या चेतापेशींना ताणाचं संप्रेरक थोडं आणि थोडा वेळ दिलं तर त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाचं काम सुधारतं. जास्त मात्रा जास्त दिवस दिली तर ते ढासळतं. माणसात न्यूयॉर्कच्या मार्टिन पिकार्ड यांचा गट याचा माग काढतो आहे. निरोगी लोकांना आपल्यावर खोटा आळ आला आहे असं समजून स्वतःची बाजू मांडायला लावली, जेमतेम पाच मिनिटं. अर्ध्या तासात त्यांच्या रक्तात मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे सुटे तुकडे दुपटी-तिपटीने वाढले होते. नुसत्या बोलण्याने! हे तुकडे कुणाला काय सांगत फिरतात, यावर अजून काम चालू आहे.

कार्तिकात आवळे आले की ओळखीचे लोक विचारतात, मग आवळाही नको का? खा की. मोरावळाही खा, साखरेचा हिशेब ठेवून. रोज 100 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व मिळालं की आपल्या पांढऱ्या पेशी भरून जातात. त्यापुढचं मूत्रपिंडं बाहेर टाकू लागतात, आणि मोठी मात्रा आतडंही कमी शोषतं. अन्नातून येणाऱ्या मात्रेला शरीर असं आवरतं. सुईतून शिरेत गेलेल्या मात्रेला आतड्याची ही वेस लागत नाही.

सध्या त्वचा उजळण्यासाठी ग्लुटाथायोन आणि क जीवनसत्त्वाच्या सलाइनचं पेव फुटलं आहे, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. लाल रक्तपेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात. वापरलेलं ग्लुटाथायोन पुन्हा ताजं करायला तिला जी6पीडी या एकाच विकरावर विसंबावं लागतं. काहींच्यात ते जन्मतः कमी असतं. मुंबईच्या पारशी समाजात, देशातल्या काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण बरंच आहे. जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून त्रास बहुतेक पुरुषांना. अशा माणसाला मलेरियासाठी प्रायमाक्विन दिलं किंवा लहान मुलाने कपाटातली डांबराची गोळी गिळली, तर लाल पेशी फुटतात, लघवी काळपट होते. आणि शिरेतून मोठ्या मात्रेत दिलेलं क जीवनसत्त्वही हेच करतं, कारण त्या मात्रेत ते स्वतःच पेरॉक्साइड तयार करतं. एरवी हे लोक धडधाकट असतात, त्यांना स्वतःलाही पत्ता नसतो. जी6पीडीची तपासणी साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते. सलाइन लावणाऱ्याने ती आधी केली आहे का, हे खुर्चीत बसण्यापूर्वी विचारा; प्रश्न ऐकून तो गोंधळला, तर पर्स उचलून निघा.