कार्डाचा पिनकोड

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग. दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही नावं सुखाने नांदतात, आणि टपालाचा घोळ होत नाही, कारण खाली पिनकोड असतो. इथल्या कॉम्प्युटर बाजारात मिळणाऱ्या नेटवर्क कार्डाचंही तसंच आहे. खोक्यावर नाव एका कंपनीचं, आतली चिप पुष्कळदा रिअलटेकची. लिनक्सला खोक्याशी देणंघेणं नाही. ते चिपचा ओळखक्रमांक वाचतं, उदाहरणार्थ १०ईसी:८१६८. पहिला भाग बनवणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. हा क्रमांक ज्या ड्रायव्हर मॉड्यूलच्या यादीत असेल ते मॉड्यूल कर्नल बोलावून घेतं. म्हणून ‘ड्रायव्हर लोड होत नाही’ असं कुणी म्हटलं, की आधी पत्ता विचारावा.

तो ‘एलएसपीसीआय -एनएनके’ या आज्ञेत मिळतो, आणि तिथेच कळतं की एका तक्रारीखाली चार वेगळी दुखणी लपली आहेत. कार्ड यादीतच नसेल, तर दोष स्लॉटचा, बायोसच्या सेटिंगचा किंवा खुद्द कार्डाचा. ड्रायव्हर शोधणं फुकट. कार्ड दिसतं पण खाली मॉड्यूलचं नावच नाही, तर कर्नलला ही चिप ठाऊक नाही. मॉड्यूलचं नाव आहे पण ‘वापरात’ अशी ओळ नाही, तर ते कुठेतरी अडलंय: ब्लॅकलिस्टमध्ये असेल, किंवा सिक्युअर बूटने सही नसलेलं मॉड्यूल नाकारलं असेल. आणि ती ओळ असेल, तर ड्रायव्हर बिचारा कामावर हजर आहे, केबल तपासा. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मधली प्रत्येक तक्रारही गुन्हेगार नसते. फर्मवेअरच्या ओळीत उणे दोन हा आकडा म्हणजे फाइल सापडली नाही, एवढंच. रिअलटेकचं आर८१६९ मॉड्यूल बऱ्याचदा त्या फाइलवाचूनही चालतं.

यावर कुणी म्हणेल, एवढा खल कशाला? कंपनीचा ड्रायव्हर उतरवा, कंपाइल करा, मोकळे व्हा. कधीकधी तोच उपाय असतो. पण अडीच गिगाबिटची आरटीएल८१२५ चिप घ्या. उबुंटू १८.०४ मूळच्या ४.१५ कर्नलसह आलं आणि त्या कर्नलला ही चिप अनोळखी; आर८१६९मध्ये तिची सोय झाली २०१९च्या ५.४ कर्नलपासून. इथे कर्नल नवं घेतलं की काम संपतं. बाहेरून बसवलेलं मॉड्यूल मात्र प्रत्येक नव्या कर्नलबरोबर पुन्हा बांधावं लागतं. डीकेएमएस ते आपोआप करतं खरं, पण त्या कर्नलच्या हेडर फाइली नसल्या की बांधणी होत नाही आणि अपडेटनंतर एका सकाळी नेट गायब होतं. नेटच नाही तर नवं कर्नल आणायचं कुठून, हा आक्षेप रास्त आहे. पण मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं की तेवढ्यापुरतं भागतं.

उरला व्यवहारी माणसाचा आक्षेप: कार्ड स्वस्त आहे, तासभर डोकं लावण्यापेक्षा नवं आणावं. हिशोब चूक नाही. मशीन ग्राहकाचं असेल आणि काम खोळंबलं असेल, तर कार्ड बदलून बघणं ही चांगली चाचणीच आहे. फक्त दुकानाची पायरी चढण्याआधी जुन्या कार्डाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून न्यावा. नाहीतर खोकं बदलेल, नाव बदलेल, आणि आत चिप तीच निघेल.